माझे सन्माननीय मित्र

मंगळवार, १३ नोव्हेंबर १९९०. लंडनमध्ये दुपारचे चार वाजून गेलेत आणि हाउस ऑफ कॉमन्सच्या गॅलरीत तुम्हाला कशीबशी जागा मिळाली आहे. खाली हिरवी बाकं खच्चून भरलीत. जागा न मिळालेले सभासद पायऱ्यांवर टेकलेत, काही दाराशी दाटीने उभे आहेत. टीव्हीचे कॅमेरे या सभागृहात येऊन अजून वर्षही व्हायचं आहे. आता इथे जे घडेल ते रात्री घराघरांत दिसणार, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

सत्ताधाऱ्यांच्या पहिल्या बाकावर पंतप्रधान मार्गारेट थॅचर. त्यांच्याच पक्षाच्या मागच्या बाकांवरून चष्मा लावलेला, मऊ आवाजाचा एक माणूस उठतो. हा जेफ्री हाउ. १९७९च्या पहिल्या मंत्रिमंडळातले एकेक सहकारी गळत गेले, थॅचरबाईंसोबत शेवटपर्यंत उरला तो हा. बारा दिवसांपूर्वी त्यानेही उपपंतप्रधानपदाचा राजीनामा दिला. आज तो कारण सांगणार आहे.

हाउ आवाज चढवत नाही. युरोपशी वाटाघाटी करणाऱ्या मंत्र्यांची गत सांगताना तो क्रिकेटचा दाखला देतो: सलामीच्या फलंदाजांना मैदानात धाडायचं, आणि पहिला चेंडू पडताना त्यांना कळावं की आपल्याच कर्णधाराने बॅटी आधीच मोडून ठेवल्या आहेत. सभागृहात हशा उसळतो आणि लगेच विरतो. थॅचरबाई चेहरा आवरून ऐकताहेत. तुमच्या कानात मात्र दुसरंच काही घुमत राहतं. प्रत्येक घाव घालण्याआधी हाउ त्यांचा उल्लेख करतो तो असा: ‘माय राइट ऑनरेबल फ्रेंड’. माझ्या अतिसन्माननीय मित्र, पंतप्रधान. भाषण वीस मिनिटांच्या आत संपतं. नवव्या दिवशी थॅचरबाई पायउतार होण्याचं जाहीर करतात.

तुम्ही बाहेर रस्त्यावर येता. टॅक्सीवाला तुम्हाला ‘मेट’ म्हणतो. कोपऱ्यावरचा खाण्याचा गाडीवाला सुटे पैसे हातावर ठेवताना ‘माय फ्रेंड’ म्हणतो. तुम्हाला त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलंय. दारूच्या गुत्त्याबाहेर दोघं बाचाबाचीला आलेत आणि त्यांतला एक दातओठ खात दुसऱ्याला तेच म्हणतो आहे, ‘माय फ्रेंड’. पुढचा शब्द बहुधा गुद्द्याचा असेल. आणि जो माणूस इंग्रजाला खरोखर जिवाभावाचा आहे, त्याची ओळख करून देताना तो खांदे किंचित उडवून म्हणेल, ‘अ फ्रेंड ऑफ माइन’. एवढंच. तिकडे ऑस्ट्रेलियात २००५ साली कॅनबेराच्या संसद भवनातल्या सुरक्षारक्षकांना पाहुण्यांना ‘मेट’ म्हणायची बंदी झाली होती. लोक असे खवळले की दिवसभरात ती मागे घ्यावी लागली.

आतल्या सभागृहाचे नियम मात्र पक्के आहेत. इथे सभासदाने सभासदाचं नाव घ्यायचं नाही. स्वपक्षाचा असेल तर तो ‘ऑनरेबल फ्रेंड’, समोरचा असेल तर ‘ऑनरेबल जंटलमन’ किंवा ‘लेडी’, नाहीतर अमुक मतदारसंघाचे सन्माननीय सभासद. प्रिव्ही कौन्सिलवर नेमणूक झालेल्यांना ‘राइट’ची जोड. ‘तुम्ही’ हे संबोधन फक्त स्पीकरसाठी राखून ठेवलेलं. बाकी सगळे तृतीयपुरुषी. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये हाच मित्र ‘नोबल’ होतो. कोर्टात तो ‘लर्नेड’ होतो आणि त्या रूपात आपल्या मुंबई हायकोर्टातही तो पिढ्यानपिढ्या वावरतो आहे. कॉमन्समध्ये स्पीकर जेव्हा एखाद्याचं नाव उच्चारून त्याला ‘नेम’ करतात, तेव्हा ती शिक्षा असते: त्या सभासदाला निलंबित करून बाहेर पाठवण्याची ती पहिली पायरी.

तुम्हाला वाटेल, हा सगळा पोकळ शिष्टाचार. ज्याला खाली खेचायचं त्यालाच मित्र म्हणायचं, ही कसली भाषा? मला तसं वाटत नाही. या ‘फ्रेंड’च्या पोटात एक जुना, भरीव अर्थ आहे आणि तो पाहायला सभागृहाच्या बाहेर, एका खेड्यातल्या दुकानात जावं लागतं. चला.

१७५७चा उन्हाळा. ससेक्स परगण्यातलं ईस्ट होदली. दुकानाचं दार लोटताच चहा, चीज आणि नव्या कापडाचा मिसळलेला वास येतो. इथे साखर मिळते, खिळे मिळतात, हातमोजे मिळतात, टोप्या मिळतात; कोणी वारलं तर अंत्यविधीचं सामानही इथूनच जातं. गल्ल्यामागचा माणूस अजून तिशीही न गाठलेला टॉमस टर्नर. पूर्वी तो गावचा शाळामास्तर होता. आता दुकान चालवतो, अडाण्यांचे हिशेब मांडून देतो, मृत्युपत्रं लिहून देतो, गावातल्या गरिबांच्या मदतीचं काम पाहतो आणि रात्री रोजनिशी लिहितो. १७५४ ते १७६५ अशी अकरा वर्षं त्याने ती लिहिली. त्या काळचा साधा माणूस कोणाला मित्र म्हणायचा हे जाणायला तिच्यासारखी दुसरी जागा नाही.

त्याच्या खांद्यावरून वाचा. ‘फ्रेंड’ म्हणून येणारी माणसं पाहून तुम्ही चक्रावता. त्यांत नातेवाईक आहेत. उधारीत सवलत देणारा व्यापारी आहे. अडीअडचणीला धावून आलेला शेजारी आहे. बायकोशी त्याचं रोज वाजतं आणि त्याचंही वर्णन वहीत आहे. पण १७६१ साली ती गेल्यावर आपला खरा मित्र गेला, असाच त्याचा विलाप आहे. त्या काळात मुलीच्या लग्नाला ‘फ्रेंड्स’ची संमती हवी असं कोणी म्हणालं, तर ते फ्रेंड्स म्हणजे आईबाप, काका, पालक. रिचर्डसनच्या ‘क्लॅरिसा’ कादंबरीत नायिकेला नको त्या लग्नासाठी कोंडून घालणारे तिचे घरचे लोकही ‘फ्रेंड्स’च आहेत. मित्र तो, जो तुमच्या बाजूने उभा राहायला बांधलेला आहे आणि ज्याच्या बाजूने उभं राहायला तुम्ही बांधलेले आहात. आवडनिवड, मनं जुळणं, हे त्यात असेल किंवा नसेलही.

आता टर्नरसोबत गावालगतच्या हॅलंडला चला. हा ड्यूक ऑफ न्यूकॅसलचा वाडा. ड्यूक लंडनमध्ये सरकारं बनवतो आणि मोडतो, पण ऑगस्टमध्ये तो इथे येतो आणि साऱ्या परिसराला दारं उघडी होतात. अंगणात उसळलेली गर्दी, भाजलेल्या मांसाचे थर, बिअरची पिंपं. जमीनदार, पाद्री, शेतकरी, दुकानदार, सगळे पोट फुटेस्तोवर खातात-पितात. त्या दारूबाजीबद्दल टर्नर नंतर वहीत हळहळणार आहे, तरी सामान विकायला आणि तोंड दाखवायला तो गेल्याशिवाय राहत नाही. ज्याच्या नावावर वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन आहे, त्याला परगण्यासाठी मत आहे, आणि मतदान चारचौघांत, मोठ्याने उमेदवाराचं नाव सांगून करायचं असतं. गुप्त मतदान यायला १८७२ उजाडणार आहे. अशा मतदारांना आणि त्यांना वळवणाऱ्या पुढाऱ्यांना ड्यूक काय म्हणतो? ‘माय फ्रेंड्स’. त्यात लबाडी नाही. दुकानात टर्नर जो अर्थ वापरतो तोच ड्यूक अंगणात वापरतो आहे: तू माझ्यासाठी उभा राहिलास, मी तुझ्या मुलाच्या नोकरीसाठी उभा राहीन. संसदेतला ‘ऑनरेबल फ्रेंड’ अशा मातीतला आहे, असं मला वाटतं. पक्षाला घटना, वर्गणी, सभासदपत्रं काही नसताना पक्ष म्हणजे मित्रांचा असा गोतावळाच होता.

मग असा बांधील मित्र आणि मनाचा मित्र एकाच माणसात भेटले, आणि त्यांतला एक तुटायची वेळ आली, तर? त्यासाठी तुम्हाला एक रात्र जागावी लागेल.

शुक्रवार, ६ मे १७९१. वेस्टमिन्स्टरचं सेंट स्टीफन्स चॅपेल. होय, कॉमन्स तेव्हा एका जुन्या प्रार्थनामंदिरात भरायचं. लांबी साठ फुटांनाही पुरी पडत नाही. गायकवृंदाची आसनं जशी समोरासमोर असतात तशीच ही बाकं. इंग्लंडचं राजकारण आमने-सामने बसायला इथेच शिकलं. सभासद ५५८, आणि सगळे आले तर बसायचीही पंचाईत. टोप्या डोक्यावर, बोलायला उठलं की टोपी हातात. कोणी बाकावर आडवा झाला आहे, कोणी संत्रं सोलतो आहे. मेणबत्त्यांच्या धुराने आणि माणसांच्या घामाने हवा जड झाली आहे. आज सभागृह समितीरूपात बसलंय, म्हणून स्पीकरची खुर्ची रिकामी आणि राजदंड टेबलाखाली.

विषय कॅनडाचा. क्वेबेक प्रांताची दोन भागांत विभागणी आणि त्यांची राज्यव्यवस्था. पण बोलायला उठला आहे एडमंड बर्क, बासष्ट वर्षांचा, नाकावर चष्मा, जिभेवर अजून आयर्लंडचं वळण. आणि त्याला कॅनडापलीकडे पॅरिस दिसतं आहे. फ्रान्समधल्या क्रांतीला दोन वर्षं होताहेत. बर्कच्या लेखी ती आग आहे आणि ती खाडी ओलांडून येणार. त्याच बाकांवर चार्ल्स जेम्स फॉक्स बसलाय, बेचाळीस वर्षांचा, स्थूल, दाट काळ्या भुवयांचा. त्याच्या लेखी तीच क्रांती मानवजातीची पहाट आहे.

हे दोघं एका पक्षाचे, म्हणून एकमेकांचे ‘राइट ऑनरेबल फ्रेंड’. पण त्याहून खूप जास्त. फॉक्स पोरसवदा असल्यापासूनची ही ओळख. राजकारण आपण पुस्तकांतून शिकलो त्याहून अधिक बर्ककडून शिकलो, असं तो उघडपणे सांगतो. अमेरिकन वसाहतींच्या बाजूने दोघं एकत्र लढले. बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरच्या महाभियोगात, इथून काही पावलांवर वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, गेली तीन वर्षं दोघं एका पेटीत बसून हिंदुस्थानातल्या अत्याचारांचा जाब विचारताहेत.

बर्क फ्रान्सवर घसरताच त्याच्याच बाजूची माणसं ‘ऑर्डर, ऑर्डर’ ओरडू लागतात. तो पुन्हा सुरू करतो, पुन्हा आरडाओरडा. लॉर्ड शेफील्ड ठराव आणतो की फ्रान्सच्या राज्यघटनेवरची प्रवचनं इथे विषयाला सोडून आहेत. त्याला अनुमोदन देतो फॉक्स. इथे बर्कचा चेहरा पाहा. विरोधकांनी अडवलं असतं तर त्याने ते अंगाला लावून घेतलं नसतं. आपल्याच माणसाने तोंड धरलं, हे त्याला लागलं आहे. समोरच्या बाकांवर पंतप्रधान पिट आहे. त्याला बर्कच्या बोलण्यात नियमबाह्य काही दिसत नाही. विरोधी पक्षाची दुफळी तो शांतपणे बघतो आहे.

बर्कला बोलायची संधी मिळते तेव्हा त्याच्या आवाजात आदळआपट नसते. इतक्या वर्षांच्या स्नेहानंतर या दिशेने आपल्यावर वार होईल असं वाटलं नव्हतं, असं तो सांगतो. या वयात शत्रू जोडणं आणि मित्रांना आपल्याला सोडून जायला निमित्त देणं शहाणपणाचं नाही, हेही त्याला कळतं. पण देशाची घटना वाचवायला तेवढं मोल द्यावं लागलं तर तो देईल. तेव्हा शेजारून फॉक्स हलक्या आवाजात काहीतरी पुटपुटतो. तुम्ही जवळ आहात म्हणून ऐकू येतं. मैत्री तुटण्याचा यात काही प्रश्न नाही, असं तो सुचवतो आहे. बर्क थांबतो आणि साऱ्या सभागृहाला ऐकू जाईल असं उत्तर देतो: प्रश्न आहे. आपल्या वागण्याची किंमत मला ठाऊक आहे. मित्राचं मोल देऊन मी कर्तव्य केलं. आमची मैत्री संपली.

फॉक्स उठतो. त्याला बोलता येत नाही. गालांवरून पाणी ओघळतं आहे आणि युरोपातला एक नावाजलेला वक्ता काही मिनिटं नुसता उभा आहे. कोणी हसत नाही. मग तो बोलतो, लहानपणापासूनचे उपकार आठवतो, कठोर शब्द गेले असतील तर विसरून जा म्हणतो. पण मूळ मतावरून तो हटत नाही. फ्रान्सबद्दल जे वाटतं ते पुन्हा सांगतो, आणि जोडला जाऊ पाहणारा धागा त्याच्याच हातून सुटतो.

त्या रात्रीने मला पटवलं की तो शिष्टाचार पोकळ नव्हता. मनात उरलं नाही त्याला बर्क औपचारिकतेखातरही मित्र म्हणायला तयार नव्हता. दुसऱ्या कोणी शब्द वापरून वेळ निभावली असती. बर्कने त्या शब्दाचा मान राखला आणि त्यासाठी म्हातारपण एकाकी करून घेतलं. हेस्टिंग्जच्या खटल्यात पुढेही दोघं एकाच बाजूने बसत राहिले, १७९५मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. एकमेकांचे मित्र मात्र ते परत झाले नाहीत. १७९७च्या जुलैत बर्क अंथरुणाला खिळल्याचं कळल्यावर फॉक्सने भेटीची इच्छा कळवली. बर्कने पत्नीकरवी आदराने, दुःखाने नकार पाठवला. आपण जे बोललो ते मनापासून होतं हे लोकांना पटायचं तर आता माघार नको, हे त्यामागचं कारण. तो गेल्यावर त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरावं असं सुचवणारा फॉक्सच होता.

याच चॅपेलमध्ये तुम्ही १८३३च्या फेब्रुवारीत पुन्हा येता. आणखी वीस महिन्यांनी, १६ ऑक्टोबर १८३४ला, हे सगळं आगीत जाणार आहे. बाकांवर एक वेगळाच माणूस: साधा, बिनकॉलरचा कोट, रुंद काठाची टोपी. दक्षिण डरहॅमचा जोसेफ पीझ, डार्लिंग्टनच्या रेल्वेवाल्या घराण्यातला, आणि पंथाने क्वेकर. क्वेकर स्वतःच्या पंथाला ‘सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ म्हणतात. देवापुढे सगळे सारखे, म्हणून कोणापुढे टोपी काढायची नाही, कोणाला पदवीने हाक मारायची नाही, राजा असो की रखवालदार त्याला ‘फ्रेंड’. या हट्टापायी त्यांच्या पूर्वजांनी तुरुंग भोगले. १६७०च्या प्रसिद्ध खटल्यात विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्या डोक्यावर कोर्टाच्या हुकमाने टोप्या घालण्यात आल्या आणि मग त्या काढल्या नाहीत म्हणून दोघांना दंड ठोठावण्यात आला.

क्वेकर शपथही घेत नाहीत, म्हणून पीझला बसू द्यावं का यावर समिती नेमावी लागली. शेवटी शपथेऐवजी प्रतिज्ञेवर त्याला घेतलं. त्याचं भाषण ऐका. गुलामगिरीवर, सामाजिक सुधारणांवर तो वारंवार बोलतो, पण उपाधी निगुतीने टाळतो. ज्यांच्यात तो बसलाय ते मित्राला ‘ऑनरेबल’ लावल्याखेरीज मित्र म्हणत नाहीत. त्याच्या पंथात मित्राला काहीच लावायचं नसतं. सभागृहाने त्याला तसं बोलू दिलं, याचं मला अप्रूप वाटतं.

पुढचा क्वेकर जॉन ब्राइट. त्याच्याकडे जाताना आधी १८४१च्या सप्टेंबरमध्ये लेमिंग्टनच्या एका घरात डोकवा. ब्राइट एकोणतीस वर्षांचा आहे, वर त्याच्या तरुण बायकोचं शव आहे, आणि भेटायला आलेला रिचर्ड कॉब्डेन त्याला सांगतो आहे की या घडीला इंग्लंडात हजारो घरांत बायकामुलं उपाशी मरताहेत. दुःखाचा पहिला उमाळा ओसरला की माझ्यासोबत ये, धान्यावरचा कायदा रद्द होईतो आपण थांबायचं नाही. परदेशी धान्यावर कर लादून भाकरी महाग करणारा तो कायदा १८४६मध्ये गेला. दोघांनी गावोगाव सभा घेत तो उपटला.

सोमवार, ३ एप्रिल १८६५. आगीनंतर बांधलेलं नवं सभागृह. कॉब्डेन काल वारला. ब्राइट त्याच्या उशाशी होता. म्हातारा पंतप्रधान पामरस्टन बोलतो, समोरून डिझरायली बोलतो. दोघांनाही कॉब्डेनने जन्मभर विरोध केला होता आणि दोघंही मोकळ्या मनाने बोलतात. मग ब्राइट उठतो. हजारोंच्या सभा हलवणाऱ्या या माणसाला आज काही वाक्यांपलीकडे जाता येत नाही. माझ्या मित्राच्या आयुष्यापासून काय शिकायचं ते मन शांत झाल्यावर कधीतरी सांगेन, असं तो म्हणतो. नुसतं ‘माय फ्रेंड’. ऑनरेबल नाही, काही नाही. वीस वर्षांच्या भावासारख्या स्नेहानंतर आपलं त्याच्यावर किती प्रेम होतं ते तो गेल्यावरच कळलं, एवढं बोलून तो खाली बसतो.

शुक्रवार, २ जून १८९३. सभागृह तेच. बाकांवर मुंबईचे दादाभाई नौरोजी बसलेत, वय सदुसष्ट. पाचेक वर्षांपूर्वी तेव्हाचा पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी याने एडिंबरोच्या सभेत म्हटलं होतं की इंग्रज मतदार एखाद्या ‘काळ्या माणसाला’ निवडून देतील असं वाटत नाही. मध्य फिन्सबरीच्या मतदारांनी गेल्या वर्षी हातावर मोजण्याइतक्या मताधिक्याने का होईना, त्यांना निवडून दिलं. आता या दारातून आत आलेला प्रत्येक लिबरल सभासद दादाभाईंचा उल्लेख करील तो ‘माझे सन्माननीय मित्र’ असाच, आणि समोरच्या टोरीलाही ‘सन्माननीय सभासद’ म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. सभेत वाटेल ते बोलणाऱ्या तोंडांना सभागृहाने घातलेला हा लगाम मला मोलाचा वाटतो. कातडीवरून माणूस जोखणाऱ्यांच्या जिभेवरही इथे मान बसवला जातो.

पण आजच्या रात्री दादाभाईंना शब्दापेक्षा मत हवंय. आयसीएसची परीक्षा फक्त लंडनमध्ये होते. मुंबई-पुण्याच्या हुशार पोराने आधी बोटीच्या भाड्याची सोय करायची, मग अभ्यासाची. ही परीक्षा हिंदुस्थानातही त्याच वेळी व्हावी, असा ठराव हर्बर्ट पॉलने मांडला आहे आणि दादाभाई त्याच्या पाठीशी उभे आहेत. विरोधाला उठतो जॉर्ज रसेल, हिंदुस्थान खात्याचा उपमंत्री. म्हणजे सरकार लिबरल, पंतप्रधान ग्लॅडस्टन, सगळे दादाभाईंच्याच बाजूचे, सगळे ‘ऑनरेबल फ्रेंड्स’. आणि तेच नको म्हणताहेत.

घंटा वाजते. इथे मत पायांनी द्यायचं असतं. ‘आय’वाले एका दालनातून, ‘नो’वाले दुसऱ्यातून, आणि दाराशी माणसं मोजली जातात. टर्नरच्या खेड्यात मतदार चारचौघांत नाव उच्चारून मित्र ठरायचा; इथे तो कोणत्या दाराने जातो यावर ठरतो. आकडे येतात. ठरावाच्या बाजूने ८४, विरुद्ध ७६. सरकार हरलं! बाकांवरच्या मोजक्या माणसांनी, पक्षाच्या नेत्यांना डावलून, सहा हजार मैलांवरच्या विद्यार्थ्यांसाठी त्या दालनातून चालण्याची तसदी घेतली. त्यांतल्या बहुतेकांची नावं आज इथे कोणाला माहीत नाहीत, आणि याचं मला वाईट वाटतं. सरकारने पुढे हिंदुस्थानातल्या अधिकाऱ्यांची मतं मागवली आणि ठराव गुंडाळून ठेवला. आयसीएसची परीक्षा या भूमीवर पहिल्यांदा झाली ती १९२२मध्ये, अलाहाबादला. दादाभाई १९१७मध्येच वारले होते.

त्या ठरावाच्या वर्षी दादाभाईंच्या सोबतीला आणखी एक सभासद आले होते, सर विल्यम वेडरबर्न. मुंबई इलाख्यात नोकरीची पंचवीसहून अधिक वर्षं काढलेले, दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी झटलेले, रानड्यांच्या वर्तुळात वावरलेले. १८९३मध्ये पोटनिवडणुकीने ते कॉमन्समध्ये पोचले आणि हिंदुस्थानचे प्रश्न लावून धरणाऱ्या खासदारांची एक समिती त्यांनी उभी केली. तुम्हाला आता भेटायचंय ते त्यांच्याकडे आलेल्या एका पाहुण्याला.

१८९७चा उन्हाळा. फर्ग्युसन कॉलेजचे प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले, वय एकतीस, हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला आलेत. साक्ष उत्तम झाली आहे. पण पुण्यात प्लेग आहे, घराघरांत गोरे सोजीर शिरताहेत, आणि पुण्याहून मित्रांची पत्रं येताहेत. घरांच्या झडत्या, देव्हाऱ्यांची विटंबना, स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या हकिकती. गोखल्यांचा त्या मित्रांवर विश्वास आहे. ते वेडरबर्न आणि त्यांच्या सहकारी खासदारांपुढे हे सांगतात, ‘मँचेस्टर गार्डियन’ला मुलाखत देतात. इंग्लंडात खळबळ उडते. मुंबई सरकार सगळं साफ नाकारतं आणि पुरावा मागतं. पुरावा म्हणजे कोण म्हणालं ते सांगा.

गोखले परतीच्या बोटीने मुंबईला पोचतात तोवर पुण्याची दशा पार बदललेली आहे. प्लेगच्या बंदोबस्तावरचा अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली आहे, टिळकांना अटक झाली आहे, शहरावर जादा पोलिस बसवलेत. अशा वेळी ज्याने ते पत्र लिहिलं त्याचं नाव पोलिसांच्या हाती देणं म्हणजे काय, ते कोणालाही कळावं. आणि पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोणी पुढे येऊन ‘हो, मी लिहिलं’ म्हणायला तयार नाही. मुंबईला उतरल्यावर गोखल्यांपुढे दोनच वाटा होत्या. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांचं पत्र छापून आलं: आरोप मागे घेतो, गव्हर्नरांची आणि सोजिरांची बिनशर्त माफी मागतो.

पुण्याने त्यांना कचखाऊ ठरवलं आणि तो शिक्का बरीच वर्षं पुसला गेला नाही. वेडरबर्न मात्र त्यांचे अखेरपर्यंत मित्र राहिले. पुण्याहून पत्रं पाठवणाऱ्यांची नावं गोखल्यांनी सरकारला दिली नाहीत. माफीच्या पत्राखाली नाव त्यांच्या एकट्याचं आहे.